नावावर आणि नावाची

मर्टन निकरसनला वादळाची भीती नव्हती, डुकराची होती. बोटीवर त्या जनावराचं नाव काढायचं नसतं, हे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका नव्या खलाशाने आपल्या सँडविचमध्ये काय आहे ते मोठ्याने सांगितलं, तर मर्टनने अर्ध्या वाटेतून बोट माघारी आणून त्याला धक्क्यावर उतरवलं. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडण्यात मात्र त्याचा हात धरणारा दुसरा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बंदरात नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

अशा माणसाला एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने घटस्फोट मागितला. ग्लेंडाची तक्रार साधी होती. "हा माझ्याशी वायरलेसवर बोलल्यासारखा बोलतो. आपलं सांगून झालं की बंद."

घर तिला, बोट आणि शेवंडं धरायचे पिंजरे त्याला, इथवर वकिलांनी भराभर उरकलं. घोडं अडलं ते शेवंडांच्या परवान्यावर. होता नुसता सरकारी कागद, पण घर आणि बोट दोन्ही विकूनही येणार नाही एवढी त्याची किंमत. कापून अर्धा करता येत नाही. अर्धी किंमत ग्लेंडाला द्यायची तर मर्टनला बोट विकावी लागणार, आणि मग परवाना दातात धरून काय पोहत जायचं?

मर्टनने एकच हेका धरला. "परवाना माझ्या नावावर आहे." तो मुळात ग्लेंडाच्या वडिलांचा होता आणि त्यांनी तो जावयाला दिला होता, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही.

एके दिवशी ग्लेंडा अचानक म्हणाली, "बरं. तुझ्या नावावर आहे ते तुला. माझ्या नावाचं ते मला."

मर्टनच्या वकीलबाईंनी लिहिलं: परवाना मर्टनचा, बोटीवरचं ग्लेंडाचं नाव त्याने हंगाम सुरू व्हायच्या आत काढावं, नाहीतर परवान्याची अर्धी किंमत द्यावी. मर्टनने सही ठोकली. बाईला अक्कल नाही, असं मनाशी म्हणत तो शीळ घालत धक्क्यावर गेला आणि ड्वेन या आपल्या जुन्या खलाशाला त्याने ही विजयवार्ता सांगितली.

ड्वेनच्या हातातला दोर सुटला. "तांडेल, बोटीचं नाव बदलणार?"

"म्हणजे काय! डबाभर रंगाचं काम—" इथे मर्टनची नजर बोटीकडे गेली. बोटीवर ठळक अक्षरांत 'ग्लेंडा मे' लिहिलेलं होतं. आणि नाव बदललेली बोट समुद्र परत पाठवत नाही, हे त्यानेच ड्वेनला शिकवलं होतं.

"मी नाही बाबा येणार," ड्वेन म्हणाला. "माझी बायको आहे अजून माझ्याजवळ."

मर्टनने वकीलबाईंना फोन केला. त्या शहरातल्या. म्हणाल्या, "अहो, नाव काय, उद्या पुसून होईल!"

"मग पहिल्या दिवशी तुम्हीच चला बोटीवर," असं ओरडून त्याने फोन ठेवला, आणि टोपी हातात घेऊन तो ग्लेंडाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

"ये," ती म्हणाली. "ड्वेन नाही म्हणाला ना?"

"तुला माहीत होतं!"

"एकतीस वर्षं ऐकतेय तुझं. बस. बोट माझ्या नावाचीच राहील, अर्धी किंमतही नको. परवाना रॉबिनच्या नावावर कर."

रॉबिन त्यांची मुलगी. पाच वर्षं ती शेजारच्या बंदरात परक्याच्या बोटीवर पिंजरे ओढत होती, कारण बापाच्या बोटीवर बाई चालत नव्हती.

"बाई बोटीवर? अपशकुन असतो, ग्लेंडा!"

"बाईचं नाव चालतं, बाई चालत नाही होय रे?"

मर्टन चहा ढवळत बसला. साखर घातलेलीच नव्हती.

"बाबांनी परवाना तुला दिला तो याच टेबलावर," ग्लेंडा म्हणाली. "मी चहा दिला तुम्हा दोघांना. त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्याबरोबर बोटीवर वाढलेली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला फार लागलं होतं, मर्टन."

"मग तू मागायचा होतास."

"मागितला असता तर?"

मर्टनने विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमेना. "बाबा हसले असते," तो म्हणाला. "मीही हसलो असतो." आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

कागद बदलले. हंगामाच्या पहिल्या सोमवारी अख्खं बंदर धक्क्यावर लोटलं होतं. पिंजरे रचलेले, ड्वेन देवाचं नाव घेत उभा. रॉबिन आली ती करडे हातमोजे घालून. ड्वेनने डोळे मिटले. करडे मोजे बोटीवर म्हणजे तर समुद्राला आमंत्रणच. यापेक्षा कमी कारणासाठी मर्टनने माणसं घरी पाठवली होती. परक्या बोटीवर पोरीला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मर्टनने तिच्या हातातले मोजे काढून धक्क्यावर फेकले, आपले निळे मोजे तिच्या हातांत चढवले, आणि सुकाणूपासून दोन पावलं बाजूला सरकून नोव्हेंबरच्या त्या वाऱ्यात उघडे हात काखेत घालून उभा राहिला.

"वळव," तो म्हणाला. "तांडेल तू."