तिसऱ्या प्रकरणाचा सौदा

रोमवर पीएचडी करायची म्हटल्यावर माझे मार्गदर्शक हसले नाहीत, एवढंच. शांतपणे म्हणाले, "तुम्ही घोडनदीच्या बाजाराचा इतिहास का घेत नाही? तुमचं आयुष्य तिथंच गेलंय. सोपा जाईल."

तो 'सोपा' मी अजून विसरलेलो नाही. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, मार्केटयार्डात मी पोती उचलत शिरलो आणि कांद्याचा आडत्या झालो. मधल्या वर्षांत बाहेरून बी.ए. केलं, मग एम.ए. त्यात मला कुणी काही सोपं करून दिलं नव्हतं. घोडनदीवाल्यानं घोडनदीवर लिहायचं आणि रोमवर पुण्याच्या माणसानं, ही वाटणी कुणी केली? मी इतक्या खेपा घातल्या की शेवटी कंटाळून त्यांनी सही केली.

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात इजिप्तवर कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाची सत्ता होती. तिथल्या खेड्यांनी सरकारकडे केलेले अर्ज पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, टिकून राहिले आहेत. त्यांत मला एक गाव सापडलं. आपला शेतसारा मधल्या अधिकाऱ्याच्या हाती न देता थेट सरकारात भरायचा, हा त्या गावाचा हक्क. अधिकाऱ्यानं तो मोडला, तेव्हा गावानं अर्ज केले. आम्ही बुडालो, देशोधडीला लागलो, दया करा, असा त्यांचा सूर. जुन्या अभ्यासकांनी असे अर्ज वाचून निष्कर्ष काढला, की साम्राज्य लोकांना चिरडत होतं.

मला मात्र तो सूर ओळखीचा वाटला. माझ्या गाळ्यासमोर शेतकरी म्हणतो, "पुढच्या साली कांदा लावायचाच न्हाई." मी म्हणतो, "मी बी गाळा बंद करतो." पुढच्या साली दोघंही तिथंच असतो. माझं तिसरं प्रकरण तेच सांगत होतं. हे गाव रडत नव्हतं, सौदा करत होतं. सगळा प्रबंध मी त्या प्रकरणासाठी लिहिला होता.

पण इथं माझ्यातला आडत्या आडवा आला. सौद्याला बसताना खाली यायला जागा ठेवावी लागते. परीक्षकाला काही कापल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून मी चौथं प्रकरण मुद्दाम फुगवलं. बादशहा तेच तेच कायदे पुन्हा काढत होते, म्हणजे त्यांचा एकही कायदा कुणी पाळत नव्हतं, असं ठोकून दिलं. हे कापतील, तिसरं वाचेल, असा माझा बेत.

मौखिक परीक्षा दौंडच्या एका कॉलेजात झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसतं. मांडवगण फराट्याहून आबा आणि माझे बाकीचे नेहमीचे शेतकरी गाडी करून आले आणि मागच्या बाकांवर बसले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी आधी विचारलं, मूळ अर्ज ग्रीकमध्ये आहेत, ग्रीक येतं का. नाही, म्हटलं, भाषांतरांवर काम केलंय, पहिल्याच पानावर तसं लिहिलंय. त्यांनी मान डोलावली.

"चौथं प्रकरण धाडसी आहे, मला आवडलं," त्या म्हणाल्या. "तिसरं काढून टाका."

मार्गदर्शक लगेच म्हणाले, "काढू, मॅडम."

"न्हाई काढायचं," मी म्हणालो. आवाज चढला होता आणि पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"पिचलेल्या माणसांच्या दुःखाला तुम्ही नाटक म्हणताय. पुरावा काय?" बाईंनी विचारलं.

"दुःख खरंच हाय, मॅडम. पण ज्याच्यापाशी काहीच उरलं न्हाई, तो सौद्याला येत न्हाई. ह्यांच्या गावात कायदा शिकलेला माणूस व्हता, त्यानं अर्ज लिहिले. माणसं समुद्रापार बादशहापर्यंत गेली. बुडालेलं गाव एवढं करतं व्हय?"

"आणि जी गावं खरंच ओस पडली, त्यांचं काय?"

"त्यांच्या वतीनं मी बोलत न्हाई. मी एका गावाचं सांगतोय, साम्राज्याचं न्हाई."

"मग चौथ्या प्रकरणात साम्राज्याबद्दल एवढं छातीठोक कसं?"

"ते कापा. तुम्ही कापाल म्हणूनच घातलं होतं."

मागच्या बाकावरून आबांचा आवाज आला, "ह्यानं हितं बी भाव चढवून सांगितला."

बाई हसल्या. मग बराच वेळ तिसऱ्या प्रकरणाची पानं चाळत राहिल्या. "हे राहू द्या," त्या म्हणाल्या, "पण दुःख खरं होतं, हे आत्ता बोललात तसं त्यात लिहा. चौथं निम्मं करा."

"निम्मं जास्त होतंय, मॅडम," मी सवयीनं म्हणालो.

"निम्मं."

पदवीची शिफारस झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. मार्गदर्शक हात पुढं करून म्हणाले, "विषय मीच मंजूर केला होता." मी हात मिळवला आणि तो कसा मंजूर झाला, तेही सगळ्यांदेखत सांगितलं.

बाहेर आबांनी विचारलं, "पण ते गाव जितलं का?"

"जितलं. बादशहानं त्यांच्या बाजूनं हुकूम दिला."

"मग अधिकारी गप बसला?"

"कुठला बसतोय? गावाला परत बादशहाकडं जावं लागलं."

"लई चिवट म्हणायचं," आबा खुशीत म्हणाले.

गाडीत बसायच्या आधीच मी सांगून टाकलं, की आजपासून मला सगळ्यांनी डॉक्टर म्हणायचं. त्यावर कुणी घासाघीस केली नाही.