हेनेरालचा वाटा

मेलेस्यो पालाब्रिकाच्या पातेल्यावर कायम झाकण असायचं, तोंडावर मात्र कधीच नसायचं. इलोइलोच्या नदीकाठी संध्याकाळचा बाजार भरला की कोंबडीच्या आतड्यांच्या सळया भाजणारे नि माशांचे गोळे तळणारे घसा फोडून ओरडायचे, आणि रांग लागायची ती ह्याच्या गाडीपुढे. गाडीवर लाल अक्षरांत पाटी: "मेलेस्योचं अस्सल लेचोन पाक्सिव". आता लेचोन, म्हणजे सबंध भाजलेलं डुक्कर, सणाला घरोघरी असतं. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं मांस व्हिनेगर नि कलेजीच्या रश्श्यात शिजवलं की त्याचं पाक्सिव. इतरांकडे ते वर्षातून एकदा, मेलेस्योकडे रोज!

"आजीची कृती आहे," तो कॉलर सारखी करत सांगायचा. "पाद्र्यांच्या स्वयंपाकघरात होती ती. जाताना फक्त माझ्या कानात सांगून गेली."

आजी गेली तेव्हा हे महाशय दीड वर्षाचे होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण पाक्सिवचा घास तोंडात असताना तारखा कोण जुळवत बसतो? एकदा मोबाइलवर खाण्याचे व्हिडिओ करणारी एक पोरगी मनिलाहून आली. दोन घास खाऊन तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्यात अख्ख्या शहराची चव आहे!" पोरगी अगदी खरं बोलली होती, फक्त ते तिला कळलं नव्हतं.

आमच्या शहरात जितक्या वस्त्या तितके संत, आणि जितके संत तितके सण. सणाच्या दिवशी दार उघडं ठेवायचं आणि आत येईल त्याला ताट द्यायचं, ओळख असो वा नसो. मेलेस्यो त्या उघड्या दारांवर जगत होता. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालायचा, प्लास्टिकच्या पिशव्यांची घडी खिशात कोंबायची आणि ज्या वस्तीत सण असेल तिथं हजर. एका दुपारी दहा-बारा घरं सहज व्हायची. घरात शिरून संताच्या मूर्तीला हात जोडायचे, यजमानाच्या पोरांची नावं विचारायची, ताटात मोजकंच घ्यायचं, आणि मग डुकराची कुरकुरीत कातडी दाताखाली मोडून, मान तिरकी करून खोट काढायची.

"छान झालंय हो. मीठ मात्र जरा कमी."

मीठ कमी, नाहीतर आच जास्त, नाहीतर डुक्कर म्हातारं. खोट काढली की घरची बाई ओशाळायची, आणि ओशाळलेली बाई सढळ हातानं देते, हे मेलेस्योनं फार पूर्वीच ओळखलं होतं. नेमक्या त्या क्षणी तो आवाज मऊ करून तिला इंदाय, म्हणजे पोरी, अशी हाक मारायचा.

"इंदाय, थोडं बांधून देतेस का गं? घरी हेनेराल वाट बघत असेल."

हेनेराल म्हणजे त्याचा कुत्रा. चौदा वर्षांचा, एका डोळ्यानं अधू, दात पडलेले, म्हणून हाडं नकोत, मऊ मांस बघून द्या. तो कुत्रा गेली वीस वर्षं चौदाच वर्षांचा होता. कुणाच्या दृष्टीस कधी पडला नाही, पण त्याच्या सांधेदुखीची चौकशी सगळं शहर करायचं.

रात्री बारा घरच्या पुड्या एका पातेल्यात पडायच्या. कुणी डुकराच्या पोटात गवती चहाच्या जुड्या भरलेल्या असायच्या, कुणी चिंचेचा पाला, कुणी लसणाचे गड्डेच्या गड्डे. मेलेस्यो त्यावर व्हिनेगर ओतायचा, बाटलीतला कलेजीचा रस्सा ओतायचा आणि ढवळायचा. झाली आजीची कृती! बारा बायकांनी विस्तवापुढे डोळे जाळून आणलेली चव ह्याच्या पळीला फुकट. आणि सोमवारी त्याच बायका सत्तर पेसो मोजून तेच मांस परत खायच्या. आमच्या गल्लीतली लुविमिन तर बोटं चाटत त्याला नोंग, म्हणजे दादा, अशी हाक मारून म्हणायची, "नोंग मेलेस्यो, काय हात आहे हो तुमचा! आमच्याकडे मेलं असं होतच नाही."

"हाताला असावं लागतं, इंदाय," असं म्हणायला हा काही लाजायचा नाही.

ह्याच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून नांग सिमेओना राहायची; नांग म्हणजे ताई. शहात्तरीची विधवा. तिला सबंध डुक्कर परवडायचं नाही, सणाला मुंडकं नि एक फरा तेवढा भाजून आणायची. मेलेस्योनं मागायच्या आतच ती केळीच्या पानातली पुडी त्याच्या हातात ठेवायची. खोट काढायचं मात्र त्यानं तिच्याकडेही कधी चुकवलं नाही: "मीठ जरा कमी, नांग." दर सोमवारी ती काठी टेकत गाडीवर यायची आणि एक प्लेट खायची.

एका संध्याकाळी आमच्या वस्तीचा कापितान, म्हणजे निवडून आलेला म्होरक्या, बाजाराच्या मंचावर माईक घेऊन उभा राहिला. यंदा सान विसेंतेच्या सणाचा यजमान मेलेस्यो पालाब्रिका, असं त्यानं जाहीर केलं. मिरवणुकीत संताच्या मूर्तीमागं पहिला मान त्याचा, आणि दुपारी सगळ्या वस्तीला त्याच्या हातचं पाक्सिव. टाळ्यांचा नुसता कडकडाट! हा मान मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं कापितानाच्या मागं फिरतात. मेलेस्योला तो बसल्या जागी मिळाला, आणि छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं. माईक ओढून घेऊन तो म्हणाला, "आजीला साक्षी ठेवून सांगतो, असं पाक्सिव तुम्ही जन्मात खाल्लं नसेल!"

ते मात्र खरं ठरलं.

गाडी आवरताना त्याला आठवलं की यंदा सण ईस्टरनंतरच्या मंगळवारी आहे. त्याआधीचा अख्खा पवित्र आठवडा शहरात कुणी डुकराला सुरी लावत नाही. म्हणजे उरलंसुरलं मिळायला एकच दिवस, ईस्टरचा रविवार. त्या रविवारी तो अकरा घरं हिंडला. पण आठवडाभर मासे नि भाजी खाऊन कंटाळलेले लोक काय मागं ठेवतात? हाडंसुद्धा चोखून पांढरी केली होती. हेनेरालच्या नावानं मिळाले दोन कान आणि एक शेपूट.

झक मारत त्यानं साठवलेले पैसे काढून तीन ताजी लेचोन विकत आणली आणि सोमवारी दिवसभर चुलीपुढे बसला. व्हिनेगर ओतलं, रस्सा ओतला, चव घेतली. नुसतं आंबट! मीठ घातलं, साखर घातली, मिरी घातली. दर वेळी पळी तोंडाला लावायची आणि चेहरा पडायचा. आपल्याला स्वयंपाक येत नाही, हे माणसाला साठाव्या वर्षी, सणाच्या आदल्या दिवशी, तीन डुकरं कापून झाल्यावर कळावं!  उद्या चव बिघडली तर मान तर जाईलच, पण परवापासून गाडीपुढे काळं कुत्रं उभं राहायचं नाही.

मंगळवारी यजमानाच्या मानाचा पट्टा छातीवर मिरवत मेलेस्यो मिरवणुकीत चालला, मग मांडवात पानं पडली. पहिला घास घेऊन लोक चावायचे थांबले. कापितान उगाच ग्लासभर पाणी प्यायला.  आमच्याकडे यजमानाला तोंडावर वाईट म्हणत नाहीत, पण मांडवात इतकी शांतता असेल तर म्हणायचं राहिलं काय?

तेवढ्यात मेलेस्योला युक्ती सुचली. सणाचा दिवस, गल्लीत घरोघरी लेचोन ताजं! मानाचा पट्टा छातीवर तसाच ठेवून हा गडी मागच्या बोळातून लुविमिनच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"इंदाय, जरा बांधून दे गं. हेनेरालसाठी."

लुविमिनच्या हातातली सुरी थांबली. "आज? अहो नोंग, तीन-तीन डुकरं घातलीत ना तुम्ही पातेल्यात? त्यातलं वाढा की त्याला!"

आता इथं कुणीही म्हणालं असतं, बरं, राहू दे. पण वीस वर्षांची जीभ, ती आपसूक वळली. "तो माझ्या हातचं खात नाही."

स्वयंपाकघरात चार बायका होत्या. पहिल्यांदा कोण फिसकन हसली ते कळलं नाही, पण पुडी घेऊन मेलेस्यो मांडवात परत पोचायच्या आत ते वाक्य तिथं पोचून पानापानावर वाढलं गेलं होतं. कुत्रासुद्धा खात नाही! आणि हा लोकांकडे पाठ करून पुडी पातेल्यात सोडतो न सोडतो, तोच मागून लुविमिनचा आवाज आला.

"अगं बाई! हेनेराल पातेल्यात राहतो वाटतं?"

तिनं पळी हिसकावून घेतली, ढवळली, चव घेतली. पुन्हा एकदा घेतली. "हा माझा चिंचेचा पाला. सोमवारी लागते ती हीच चव," ती हळूच म्हणाली आणि मग ओरडली, "अगं, हा माझा चिंचेचा पाला आहे! दर सोमवारी सत्तर पेसो देऊन मी माझंच डुक्कर खातेय!"

मेलेस्योला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. पण बायकांनी त्याला झोडायच्या ऐवजी हसायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, पळत घरी गेल्या आणि एकेक पुडी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. "ही घ्या, हेनेरालला." "सांधे कसे आहेत हो त्याचे?" "ह्यात हाड नाही हं, दात पडलेत ना बिचाऱ्याचे!" दर टोमण्याला एक पुडी पातेल्यात पडत होती आणि पातेल्याचा वास बदलत होता. दुसऱ्या पंगतीला लोक ताटं घेऊन उठून उभे राहिले. कापितान माईकवर म्हणाला, "हे आपल्या वस्तीचं पाक्सिव आहे!" मान वाचला, गाडी वाचली. आणि निर्लज्जपणा बघा, अर्ध्या तासात मेलेस्यो कंबरेवर हात ठेवून सांगत होता, "मी पहिल्यापासून म्हणत आलोय, ह्यात सगळ्यांचा हात आहे!"

रांग संपल्यावर नांग सिमेओना काठी टेकत आली. केळीच्या पानातली पुडी तिनं पातेल्यात टाकली नाही, त्याच्या हातात ठेवली.

"नांग, टाका की आत," तो हसत म्हणाला.

"तुझ्याकडे कुत्रा नाही हे मला माहीत होतं, तोतो," लेकराला हाक मारावी तसं ती म्हणाली. "भिंतीला भिंत आपली. वीस वर्षांत एकदा भुंकला नाही."

मेलेस्योचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"बायको गेली तुझी. मला वाटलं, घरी शिजवायला कुणी नाही, आणि मागायची लाज वाटते म्हणून कुत्र्याचं नाव सांगतोस. म्हणून मी गालाचं मांस काढून ठेवायची तुझ्यासाठी. मुंडक्यात तेवढंच मऊ असतं. पोरांना नाही दिलं कधी." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि सोमवारी तुझ्या गाडीवर येऊन खायची. म्हणायची, पोराच्या हाताला चव आहे, देवानं त्याचं भलं करावं."

मेलेस्योनं पुडी तिच्यापुढे परत धरली. 

"उघड," ती म्हणाली. "आज माझ्यासमोर खा."

त्यानं पान उलगडलं. गालाचं मांस होतं, हाड काढलेलं, बारीक कापलेलं. सगळ्या मांडवादेखत, छातीवर मानाचा पट्टा असताना, पातेल्याशेजारी उभं राहून त्यानं एक तुकडा तोंडात टाकला. 

"मीठ कमी आहे का रे?" तिनं विचारलं.

"नाही, नांग," तो खाली बघत म्हणाला. "बरोबर आहे. नेहमीच बरोबर होतं."

"मग संपव," ती म्हणाली आणि तो खात असताना काठीवर दोन्ही हात ठेवून शेवटच्या तुकड्यापर्यंत तिथंच उभी राहिली.