शेवटी कोण जेवतं?

नायगावच्या पंचशीलाबाईंनी बारा वर्षांत इतक्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, की उंबऱ्यावरूनच त्यांना कळे, इथं कोण खरं बोलणार आणि कोण थापा मारणार. ज्या साहेबलोकांसाठी त्या हे करत, त्यांना मात्र यातलं ओ की ठो कळत नसे. त्यातले सगळ्यात दिवटे म्हणजे लातूरचे डॉक्टर अमरेश सर. संशोधन ग्रामीण आहारावर, आणि गावाची धूळ यांच्या बुटाला कधी शिवलेली नाही.

या वेळचा अहवाल साधा नव्हता. जळकोटकडच्या कोणत्या गावात गरोदर बायांना जादा आहार द्यायचा, ते त्यावरून ठरणार होतं.

प्रश्न नववा: घरात सगळे एकत्र जेवता का? होय की नाही. तिथल्या एका गावात, एका घरी लक्ष्मीबाई नावाच्या सासूनं सुनेकडं न बघताच सांगून टाकलं, "हाव, सगळे संगंच." पंचशीलाबाईंनी 'होय'वर खूण केली, झालं. दुसऱ्या दिवशी सासू शेतात गेल्यावर पंचशीलाबाई सुनेपाशी, महामायापाशी, बसल्या. सातवा महिना, आणि हातांच्या नुसत्या काड्या. ती म्हणाली, "मी मागनं जेवते. राहिलं तं." तिसऱ्या दिवशी पंचशीलाबाईंनी काहीच विचारलं नाही. नुसत्या चुलीपाशी बसून राहिल्या. सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात अर्धी भाकरी उरली. महामायानं ती तिखटाशी खाल्ली आणि तांब्याभर पाणी प्याली.

पंचशीलाबाईंचं डोकंच फिरलं. मग त्या गावातल्या वीस घरांत अशाच बसल्या आणि बारा पानं लिहून काढली.

ती घेऊन त्या लातूरला गेल्या, तेव्हा सर जेवत होते. त्यांच्या पत्नी सुकन्याबाई आतून गरम पोळ्या आणून वाढत होत्या. सरांनी डाव्या हातानं पानं चाळली आणि बाजूला सारली.

"बाई, प्रश्नावली म्हणजे शास्त्र. मुलाखत म्हणजे गप्पा. आणि चुलीपाशी बसून बघणं म्हणजे निव्वळ टाइमपास. नव्वद टक्के 'होय' आलंय. त्या गावाला आहाराची गरज नाही. संपलं."

शास्त्र म्हणे! भरल्या ताटावर बसून दुसऱ्याच्या पोटाचे टक्के काढायला कसली आलीय अक्कल? पंचशीलाबाईंना त्या माणसाची किळस आली. त्यांनी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला.

"सर, प्रश्न नववा. तुमच्या घरी सगळे एकत्र जेवता का?"

"अर्थात," सर भरल्या तोंडानं म्हणाले. "होय लिहा."

पंचशीलाबाईंनी 'होय'वर खूण केली आणि स्वयंपाकघराकडं वळून विचारलं, "वहिनी, तुम्ही जेवलाव का?"

आत लाटणं थांबलं. सुकन्याबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. बाजूला सारलेली बारा पानं त्यांनी उचलली, सरांच्या पुढ्यातलं ताट सरकवून तिथं ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हे वाचा," त्या म्हणाल्या. "तोवर मी जेवून घेते."