सोमारीचं काळं मडकं

सोमारी मडकी भाजायच्या आव्याच्या कडेची तापलेली माती काठीनं उकरून राह्यली होती, आन तिचा भासरा देवाजी मागून तिले शिव्या घालून राह्यला होता.

छपन्न सालचा उन्हाळा. नागभीडजवळच्या त्या गावात कुंभाराचं घर एकच. नवरा मेल्यावर सोमारी त्याच्या मोठ्या भावाकडं, या भासऱ्याकडंच राहे. बाईनं चाकाले शिवायचं नाई, पण आव्याची आग तिच्या हाती होती. तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. त्या दिवशी ती मोहफुलं वेचून आली, तर देवाजीनं तिच्याबिगर आवा पेटवलेला. आत पाटलाच्या पोरीच्या लग्नाची मडकी.

तेवढ्यात मुखरू ढिवर आला. त्याची माय मेली होती. तिरडीपुढं विस्तव न्यायले कोरं मडकं लागते, घरचं वापरलेलं चालत नाई. कुंभाराच्या घरी तर एकही मडकं उरलं नव्हतं. देवाजीनं त्याले सरळ परत जाय म्हटलं. लग्नाच्या आव्यातून मौतीचं मडकं निघत नाई म्हणे. मुखरू खाली मान घालून वळला.

सोमारी म्हणाली, "भाऊजी, मौतीच्या घरचा माणूस आपल्या दारातून रिकामा गेला काय कधी?"

"आन भोकातून वारा शिरून आवा तडकला तर? तुहा बाप भरून देईल?"

"तडकला तर पुन्हा आव्याले हात नाई लावणार. मंग तं झालं?"

तिनं लालभडक मडकं काठीनं उचललं, धानाच्या कोंड्यात खुपसलं, वरून ओलं बारदान टाकलं. आव्याचं भोक लगेच चिखलानं बुजवलं. धुरानं तिचे डोळे गळून राह्यले होते. मडकं निघालं ते कोळशासारखं काळं.

"लग्नाची लाल, हे काळं," ती मुखरूले म्हणाली. "त्यायचं याचं नातं सुटलं. ने."

तिसऱ्या दिवशी आवा उघडला. अर्ध्याच्या वर खापऱ्या. पाटलाची माणसं मडकी घ्याले नागभीडले गेली. देवाजीनं चार लोकायसमोर तिले तिचा शब्द आठवून देला.

तिनं तो पाळला. लोकायच्या बांधीत धानाचा रोवणा केला, सडकेची गिट्टी फोडली. आव्याचा धूर दिसला का ती दुसऱ्या वाटेनं जाय. गाव म्हणे, बाईच्या जिद्दीनं आवा गेला. गावाले बोलाले काय लागते?

सोमारी मेल्यावर देवाजीच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, खरं सांगितलं. लग्नाच्या घाईत देवाजीनं मडकी अर्धी ओलीच रचली होती. सोमारी रानात होती तवाच मडकी आत फुटून राह्यली होती, आन देवाजी बाजूले बसून ऐकत होता.