ओव्याच्या वासाचे डोंगर

मंडळी, जयभीम. शांताबाई, गुडघ्याचा पट्टा पायाला बांधताय ना, की खुंटीलाच लटकतोय? मंदा, साखर किती निघाली या खेपेला? खरं सांग, लग्नसराईतले लाडू मोजून सांग. धोंडूभाऊ, डोळ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर आता तरी हे वाचायला नातीला हाक मारू नका. आणि जे मला ओळखत नाहीत, नुसते न्यूझीलंडचे डोंगर शोधत इथवर आलेत, तेही सगळे सुखरूप असोत.

नव्या माणसांसाठी सांगते. मी कमल, सिन्नरची. उभा जन्म बाळ-बाळंतिणींची मालिश करण्यात गेला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवर. माझी लेक सुजाता वेलिंग्टनला हॉस्पिटलात नर्स आहे. तिची अन्वी झाली तेव्हा साथीमुळे या देशाचं दार बंद होतं. गावातल्या कुणाकुणाच्या लेकींच्या पाठी मी शेकल्या, आणि माझी लेक बाळंतीण झाली तेव्हा मी घरात फोन धरून बसलेली. ते दिवस तिनं कसे काढले, एवढंच मला ऐकायचं होतं. येऊन पाच महिने झाले. विषय काढला की म्हणते, "जाऊ दे ना आई, झालं ते." आणि माझं परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर आलेलं.

एके दिवशी ड्यूटीवरून आली आणि म्हणाली, "चार दिवस रजा टाकलीय. आपण दोघीच डोंगरात जाऊ. अन्वीला नितीन सांभाळेल." जावई गुणाचा. मी लगेच दशम्या लाटायला घेतल्या.

नोव्हेंबर संपत आला होता. वेलिंग्टनहून विमानानं क्वीन्सटाउन, तिथून भाड्याची गाडी. गाडी आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. नदीच्या घळीतून रस्ता वळतवळत क्रॉमवेलला येतो आणि हिरवं सगळं मागं पडतं. दोन्हीकडं उघडे डोंगर, बोडके खडक, पिवळं वाळकं गवत, मधूनमधून काटेरी झुडपं. मला तर सिन्नरच्या मागच्या माळावरच आल्यासारखं झालं.

सुजाता म्हणाली, "लोक इथं हिरवं बघायला येतात, आणि तू वाळलेलं बघून हरखलीस!"

"हिरवं तुझ्या दारात आहे की. हे आपलं वाटतंय."

मुक्काम अलेक्झांड्रा गावात, मोटेलमध्ये. स्वयंपाकाची शेगडी असलेली खोली मागा, बाहेरचं खाणं फार महाग. किल्ली देताना बाईनं दुधाची छोटी बाटलीही दिली. पाहुण्याला आल्याआल्या चहा करता यावा म्हणून. ही रीत मला फार आवडली.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या डोंगरावर गेलो. चढ सोपा, दीड-दोन तासांचा, पण सावली शून्य. टोपी आणि माणशी दोन बाटल्या पाणी हवंच. इथल्या काटेरी झुडपाला माटागौरी म्हणतात. नावात गौरी आणि अंगावर नुसते काटे, माझ्या ओढणीचा एक धागा तिनं ठेवूनच घेतला. थोडं वर गेलो आणि वारा फिरला. मी जागीच थांबले. ओवा! अख्ख्या डोंगराला ओव्याचा वास. खाली बघते तर जमिनीसरशी बारीक पानांची, जांभळ्या फुलांची झुडपं, नजर जाईल तिथवर. पान चुरडलं, चावलं. तोच तिखटपणा.

मी खाली बसून ओढणीत पानं खुडायला लागले. कुत्रा घेऊन एक म्हातारबाबा खाली उतरत होते. "किया ओरा," म्हणाले, म्हणजे इथला नमस्कार, आणि माझ्या ओटीकडं बघून हसले. सुजातानं मला समजावलं, याला थाइम म्हणतात, पूर्वी सोनं शोधायला आलेल्या लोकांनी आणलं आणि ते डोंगरभर पसरलं, असं बाबा सांगतायत.

बाबा गेले. मी माझ्याच तंद्रीत म्हणाले, "काय धुरी झाली असती गं याची! खाटेखाली शेगडी, त्यात हा ओवा. बाळंतिणीचं अंग कसं हलकं होतं..."

सुजातानं पिशवी उचलली. "ऊन चढतंय आई, चल." आणि पुढं निघून गेली. माथ्यावर वारा होता, खाली नदीचं निळं वळण होतं, सगळं होतं. पण ती माझ्याकडं पाठ करून उभी होती, आणि ओटीतला वास मलाच नकोसा झाला.

तिसऱ्या दिवशी वानाका. तळ्याच्या कडेचा रॉइज पीक हा इथला नावाजलेला डोंगर. सगळी वाट मेंढ्यांच्या कुरणातून जाते, म्हणून मेंढ्या व्यायच्या दिवसांत, ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ती बंद ठेवतात. तेव्हाची तिकिटं काढू नका. आम्ही पहाटे निघालो. नागमोडी वाट सुरुवातीपासून जी चढते ती चढतेच. झाड नाही, पाणी नाही. जायला-यायला तरण्यांना सहा-सात तास, आम्हाला नऊ लागले. काठी न्या. घाई करणाऱ्यांना वाट द्या आणि आपल्या चालीनं चाला. मी दर वळणावर टेकत होते आणि सुजाता न बोलता पाण्याची बाटली पुढं करत होती.

वरच्या धारेवर एक जागा आहे, तिथं फोटोसाठी चक्क रांग लागते. मी सरळ पुढं जाऊन उभी राहिले, तोच मागून शुद्ध मराठी आली, "काकू, रांग इकडून आहे हं! इथं पण पुणेरी पाटी लावू का?"

ऑकलंडच्या माउंट रॉस्किलला राहणारी एक फार्मासिस्ट बाई. इतकं हसलो. तिनंच आमचा फोटो काढायला घेतला. "अहो, जरा जवळ या की! भांडलात का दोघी?"

सुजातानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटोत आमच्यामागं अख्खं तळं, बेटं, पलीकडं बर्फाचे डोंगर. कागदावर काढावं तसं. तिथून माथा अर्ध्या तासावर. मी म्हटलं, आता आलेय तर जाणार. आणि गेले मंडळी! वर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. विचारीन विचारीन म्हणत होते आणि तिच्या हातात आणखी एक दशमी ठेवत होते.

उतरताना सुजाताच्या पोटऱ्यांत गोळे आले. वानाकाच्या मोटेलवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिला पालथी झोपवली, तेल कोमट केलं आणि टाचेपासून सुरू केलं. पोटऱ्या झाल्या, मांड्या झाल्या, हात आपसूक कमरेवर गेले. बाळंतिणीची कंबर धरतात तशी दोन्ही अंगठ्यांनी धरली. तिचं अंग एकदम ताठ झालं.

"आई, तू रोज व्हिडिओवर यायचीस," ती उशीत तोंड घालून म्हणाली. "नितीनला सांगायचीस, बाळाची मान धरा, बाळाला कुशीवर घ्या, टाळूला तेल घाला. रोज. मी शेजारीच असायचे. मला एकदाही म्हणाली नाहीस, सुजे, तू समोर ये, तुला बघू दे."

माझे हात थांबले. मला वाटत होतं, मी आले नाही याचा तिला राग आहे. तिला तर ठाऊक होतं, दार बंद होतं. मी फोनवर होते आणि तिच्याकडं बघितलं नाही, हे तिला लागलं होतं.

म्हटलं, "पहिल्या दिवशी तुझा चेहरा दिसला ना, तेव्हाच कळलं की तुला बघितलं तर मी रडेन. तुला धीर द्यायचा होता गं. म्हणून बाळाकडंच बघत राहिले."

"मग रडायचं होतंस. दोघी रडलो असतो. मी बाथरूममध्ये जाऊन एकटीच रडत होते."

मी पुन्हा तेल घेतलं. कंबर, पाठ, मानेचा मणका, काही सोडलं नाही. खिडकीबाहेर ऊन होतं, इथं या दिवसांत नऊ वाजेपर्यंत असतं. मग ती सांगत राहिली. टाके कसे दुखायचे, दूध येईना तेव्हा काय झालं, नितीननं डिंकाचे लाडू करायला घेतले आणि त्यांचे दगड कसे झाले. साडेपाच वर्षं साठलेलं सगळं. मी फक्त हं हं करत होते आणि या खेपेला तिच्याकडं बघत होते.

परवा वेलिंग्टनला परत आलो. अन्वीनं दारातच विचारलं, "आजी, वॉज इट हाय?" म्हटलं, हो बाई, फार. पाय अजून जिना उतरताना बोंबलतात. ते दिवस काही मला परत मिळणार नाहीत, ते तिनं एकटीनं काढले ते काढलेच. मला अजून वाटतं, कुणीतरी ते दार तेव्हा वीतभर तरी उघडायला हवं होतं. पण काल सुजाता ड्यूटीवरून आली, बूट काढले आणि न बोलता माझ्यापुढं पाठ करून बसली. तिकिटाला अकरा दिवस आहेत. रोज एकदा मालिश धरली तरी अकरा वेळा होईल.

शांताबाई, मंदा, धोंडूभाऊ, उत्तर लवकर लिहा, मी जायच्या आत. नातवंडांचे फोटो मागाहून पाठवा. आधी स्वतःचं लिहा, आणि दुखत असेल तर दुखतंय असंच लिहा.

तुमची कमल