पहिला द्रोण

त्या दिवशी मी बुवांच्या पाया पडायला नाही, भांडायला गेले होते. लेक गोंदियाच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशीही तापानं बेशुद्ध होती, आणि माझा देवाधर्मावरचा विश्वास पार उडाला होता.

दरेकशाच्या डोंगरात बैरागीबुवांची समाधी आहे. इंग्रजांनी जंगल बंद केलं तेव्हा हा जपमाळ ओढणारा माणूस गाव घेऊन साहेबापुढं उभा राहिला, गुहेत लपला, पकडला गेला आणि फासावर चढला. पुण्यतिथीला गुळभाताचा पहिला द्रोण आमच्या माहेरच्या घराला मिळतो. वडील गेल्यावर तो मान माझ्याकडे आला आणि, खोटं कशाला बोलू, मी तो मिरवला.

त्या दिवशी पुण्यतिथीच होती. पोचायला दुपारचे तीन वाजले. पहिला द्रोण दिल्याशिवाय कुणी जेवत नाही, म्हणून पंगत तशीच उपाशी बसलेली. म्हातारे गोंड पुजारी द्रोण घेऊन पुढे आले. मी तो घेतलाच नाही. म्हटलं, "नको मला तुमचा मान! आमच्या घरानं बुवांना साथ दिली, आणि बुवा माझ्या पोरीकडं बघत नाहीत!"

पुजारी म्हणाले, "बाई, तुह्या बापानं तुले सांगतलं नाही काय? तुह्या पणज्यानंच शिपायायले गुहेची वाट दाखवली. तीन दिवसाचा उपाशी होता, पायलीभर तांदळासाठी दाखवली. बुवाले बांधून नेऊन राहिले होते, तवा बुवा म्हणाले, त्याले आधी वाढा, थो उपाशी आहे. थेच आमी पाळून राहिलो."

"तुम्हाला काय ठाऊक?" मी ओरडलेच.

"बुवासंग फासावर गेला, थो माहा पणजा होय."

ज्यांचा माणूस आम्ही घालवला, त्यांच्याच हातचा घास मी इतकी वर्षं ताठ मानेनं खात होते! अगं बाई, कुठं तोंड लपवू? मागायला जीभच उचलेना. मनात एवढंच आलं, बुवा, पोर तुमची, ठेवा नाहीतर न्या.

पुजाऱ्यांनी द्रोण पुन्हा पुढे केला. "खाय बाई. लोक उपाशी आहेत."

मी रडत रडत खाल्लं. संध्याकाळी दवाखान्यात पोचले तर लेक डोळे उघडून नर्सबाईकडे भात मागत होती. औषधाचा गुण की बुवांची कृपा, मी वाद घालत नाही. आम्ही न मागताच आमच्या घराला माफी मिळाली होती, ती घ्यायला वाकावं लागतं एवढं मला कळलं.

यंदा लेकीला घेऊन गेले. पहिला द्रोण हातात आल्यावर आधी तिला सगळं सांगितलं, मग भरवलं.