पानिपतचे चादरवाले

मी ज्या एआय टूलची माहितीपुस्तिका लिहीत होते, त्याचं काम सरळ होतं. ऑनलाइन मागवलेली वस्तू मिळालीच नाही, अशी तक्रार ग्राहकाने बँकेकडे केली, की ते टूल विक्रेत्यासाठी पोचपावती, फोटो असे पुरावे शोधून आणायचं. ते कसं वापरलं जातं हे पाहायला मी पानिपतला एका चादरवाल्यांकडे गेले. साठीचे गृहस्थ, बोलताना समोरच्या चादरीचा कोपरा दोन बोटांत चोळत राहायचे.

गाझियाबादच्या एका आजींची तक्रार आली होती. मी टूलला विचारलं आणि क्षणात पुरावा हजर झाला. दारात ठेवलेल्या पार्सलचा फोटो, खाली कुणाचीतरी सही.

"अंकलजी, आप जीत गए!" मी म्हणाले. आजींना मी मनात खोटं ठरवून मोकळीही झाले होते.

त्यांनी मला थांबवलं. "बेटा, पहले पूछ तो लें."

त्यांनी फोन लावला. आजी तावातावाने बोलल्या. फोटो पाठवल्यावर मात्र त्यांनी तो नीट पाहिला. ते दार त्यांचं नव्हतंच, वरच्या मजल्यावरचं होतं. वर जाऊन त्यांनी पार्सल आणलं आणि ओशाळून माफी मागू लागल्या.

"वो छोड़िए माताजी," चादरवाले हसत म्हणाले, "रंग कैसा लगा, वो बताइए."

परत येऊन मी पुस्तिकेत एक पायरी वाढवली: पुरावा पाठवण्याआधी ग्राहकाला एकदा फोन करा.

ती वाचून आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी भुवया उंचावल्या. "यह तो टूल का काम नहीं है."

"जी सर," मी म्हटलं, "इसीलिए तो लिखना पड़ा."